ताटीवर न मारलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला काऊन सांगतोय — मलाही ठाऊक नाही.

लोक मला शास्त्रज्ञ म्हणतात. सजीवांतल्या पदार्थांतून वीज कशी वाहते, यात माझी हयात गेली. पण ती वीज आधी पाहिली माझ्या मित्रानं — वरवट बकाल गावच्या प्रल्हादनं.

महाराष्ट्र नवा नवा होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आम्ही दोघं डेमॉन्स्ट्रेटर. प्रल्हाद न्हाव्याकडून पोतंभर केस आणायचा, ॲसिडात उकळायचा, उरलेल्या काळ्या भुकटीच्या वड्या दाबायचा. काय हात होते त्याचे! नखाएवढी वडी, पण कड कुठे फुटलेली नाही. मला जन्मात तशी जमली नाही. पहिल्यांदा मीटरचा काटा हलला तेव्हा तो ओरडलाच, "अबे, केसातून करंट जाऊन राह्यला!"

उन्हाळ्यात गारव्यासाठी खिडकीला वाळ्याची ताटी असायची. तिच्यावर पाणी मारायचं काम माझं. एकदा कंटाळा केला, ताटी वाळली — आणि काटा जागचा हलेना. पाणी मारलं, तासाभरात पुन्हा हलला. म्हणजे वडीला ओल लागते! सांगायला तोंड उघडलं होतं... नाही सांगितलं. का? तो माझ्यापुढे जात होता ना. जळलो मी.

मग नागपूरहून मोठे प्राध्यापक आले. ते हो म्हणाले तर प्रल्हादला त्यांच्याकडे संशोधनाची जागा मिळणार होती. एप्रिलचं ऊन. त्या सकाळी मी ताटीवर पाणी मारलं नाही. विसरलो नव्हतो — मारलं नाही.

काटा ढिम्म. प्रल्हादनं वडी बदलली, तारा बदलल्या. प्राध्यापकांनी मला विचारलं, तुम्ही कधी हा हलताना पाहिलाय?

"सांग ना बे त्याईले," प्रल्हाद म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

प्रल्हादनं पुन्हा वडी दाबली नाही. शाळेत मास्तर झाला. दोन वर्षांनी ओलाव्यावरचा माझा शोधनिबंध छापून आला. पुढचं सगळं त्या निबंधाच्याच जोरावर. त्यात प्रल्हादचं नाव कुठेच नाही.

तो वाचून प्रल्हाद घरी आला, पेढे घेऊन. माझा हात धरून म्हणाला, "तुले सापडलं, लय बरं झालं गड्या. तवा काटाच हालत नव्हता, तू तरी हो कसा म्हणशील? मीच कच्चा होतो."

पेढा खाल्ला मी. तो तसंच समजून गेला, आणि मी समजू दिलं.