टोपलीला हात लागेपर्यंत

कॉम्प्युटरचा डबा उघडायचा असला की आपा आधी घराबाहेर पडायच्या आणि समोरच्या सरकारी हातपंपाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहायच्या. हापसायच्या नाहीत. नुसत्या उभ्या. पाण्याला आलेल्या बाया गुंड-घागरी घेऊन ताटकळायच्या. एखादी विचारायची, आपा, पाणी नेता का पंपच नेता? आपा शांतपणे म्हणायच्या, "अंगातला करंट जमिनीत सोडून राह्यली. थांब जरा."

आपा सिंदेवाहीतल्या बांगड्यावाल्यांच्या घरच्या. नवरा आठवडी बाजार करायचा. कॉम्प्युटर घेतला होता मुलासाठी. मुलगा शिकायला नागपूरला गेला, तिथंच नोकरीला लागला आणि कॉम्प्युटर मागे राहिला. आपांनी तो ताब्यात घेतला. लग्नपत्रिका, उरुसाची पत्रकं, गणपती मंडळाच्या पावत्या, सगळं त्या एका खोलीत व्हायचं. नम्रपणा त्यांच्याजवळ औषधालाही नव्हता. "माह्यासारखी पत्रिका काढून दाखवा म्हणा कोणाले," असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत. मशीनलाही दुपारची झोप लागते अशी त्यांची पक्की समजूत होती. जेवण झालं की त्याच्यावर चादर पडायची आणि चहाच्या वेळेपर्यंत कुणाची हात लावायची बिशाद नव्हती.

मी तेव्हा तालुक्यातल्या एका लोकसंघटनेत नवी होते. जवळच्या एका गावात ढिवरांच्या सोसायटीकडे तलाव होता. मासेमारीवर पन्नासेक घरं जगत होती. तो तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा घाट पंचायतीतल्या काही लोकांनी घातला होता. का, ते सांगायची गरज नाही. असले तलाव आणि असले ठेकेदार ज्याच्या त्याच्या गावात आहेत. आमच्या पत्रकाच्या मजकुरात 'ठेकेदार' हा शब्द दिसला की तालुक्यातल्या छापखान्यांची शाई संपायची. आपांची संपली नाही. नवरा कुरकुरला, बाजारात त्या माणसांची तोंडं बघावी लागतात म्हणाला. आपांनी त्याला एका वाक्यात गप्प केलं, "मी टाइप करून राह्यली, भांडून नाई राह्यली."

पण मशीनची मेमरी होती बत्तीस एमबी. मराठी अक्षरांचं एक पान ती कसंबसं पेलायची. दुसरं पान सुरू केलं की पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि हलायचं नाव घ्यायचं नाही. त्यामुळे पत्रक एका पानाचं, हा आपांच्या घरचा कायदा. आणि ते पान संपवायचं कुठे, हे ठरवायची तानाबाई.

तानाबाई त्याच तलावावरची. मरळ आणि झिंगे टोपलीत घेऊन ती आपांच्या दारी यायची. आपा तिला उंबऱ्यावर बसवायच्या, चहा द्यायच्या आणि पत्रक वाचून दाखवायच्या. ऐकता ऐकता तानाबाईचं मन उठलं की हात आपोआप टोपलीच्या काठाकडे जायचा. आपा तिथंच बोट ठेवायच्या. "टोपलीले हात लागला. इथून खालचं काढ." मी चिडायचे. पुढे तर मुद्द्याची गोष्ट होती. "मंग मुद्द्याची गोष्ट वर काऊन नाई लिहिली?" आपा विचारायच्या आणि मी खालच्या ओळी खोडायचे.

आमच्या संघटनेचे प्रमुख भाऊ यांना हे मान्य नव्हतं. भाऊंचं पत्रक जुन्या जमीनदार मालगुजारांच्या काळापासून सुरू व्हायचं आणि आपल्या गावापर्यंत पोचायला चार पानं घ्यायचं. एका पेटीच्या दुबळेपणामुळे जनतेला अर्धवट माहिती मिळते, असं त्यांनी बैठकीत ठणकावून सांगितलं. मग तेच नागपूरला गेले आणि चौसष्ट एमबी मेमरीची पट्टी घेऊन आले. आणली कशी, तर सदऱ्याच्या खिशात, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्नीसोबत. एसटीत दोन्ही एकमेकांत घोळले. पट्टीच्या सोनेरी दातांत सुपारीची भुकटी आणि चुना.

आपा हातपंपाला जाऊन आल्या, पट्टी बसवली, बटण दाबलं. मशीन लांब, चिरक्या आवाजात बोंबलायला लागलं. पडदा काळा. आपांनी पट्टी बाहेर काढली आणि हुंगली. "पोट्टं रडून राह्यलं. तुमच्या भाऊनं त्याले खर्रा चारला." मग कोऱ्या रबराने त्यांनी एकेक दात घासला, फुंकर मारली, पट्टी पुन्हा खाचेत बसवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. दोन्ही बाजूंचे चाप कट्‌ करून मिटले. या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात मेमरीचे आकडे भराभर चढत गेले. आपा माझा हात धरून बघत होत्या. "पाह्य, कशी चढून राह्यली." लेकीच्या लग्नातही कुणी इतकं खूश होत नाही.

त्यानंतर आमची चार पानी पत्रकं निघाली. वाळूच्या घड्याळाशिवाय, सुंदर छापलेली. आणि ती कुणी वाचली नाहीत. बाजारात तानाबाईच्या शेजारणी त्यांत झिंगे बांधून देत होत्या.

तलावाचा ठराव ज्या ग्रामसभेत यायचा होता, तिच्या आदल्या आठवड्यात भाऊ स्वतः मजकूर घेऊन आले. मीही सोबत होते. आपांनी पहिलं पान वाचलं, उठल्या, हातपंपाला जाऊन आल्या आणि डबा उघडून नवी पट्टी काढून घेतली. ती लवंगांच्या डबीत ठेवली आणि डबी कमरेला खोचली.

भाऊंचा चेहरा उतरला. हा इतिहास आहे, लोकांना कळायला हवा, असं ते म्हणाले. आपांनी उंबऱ्यावर बसलेल्या तानाबाईकडे बोट दाखवलं. "मले नका सांगू. तिले सांगा."

भाऊंनी वाचायला सुरुवात केली. मालगुजार यायच्या आतच तानाबाईचा हात टोपलीवर गेला. भाऊंनी तो पाहिला. मग आपांनीच तिला विचारलं, तुले काय सांगाचं हाय गावाले?

तानाबाईने टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "ठेकेदार मासे धरत नाई बाई. तलाव फोडते, पाणी सोडते अन् चिखलातून मासे वेचून नेते. आमी उपाशी राहू ते राहू. पण उन्हाळ्यात या कुणब्यांची ढोरं कुठी पानी पितील?"

ढिवरांचा तलाव म्हणून आम्ही वर्षभर ओरडत होतो आणि बाकी गाव आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. आपांनी तेवढंच टाइप केलं, मोठ्या अक्षरांत. पान अर्धं रिकामं राहिलं. भाऊ म्हणाले, खाली निदान संघटनेची भूमिका. आपा म्हणाल्या, "रिकामी जागा राहू द्या. वाचणाऱ्याले दम घ्याले लागते."

ग्रामसभेला ढिवर आलेच, पण बैलजोडीवालेही आले, गुरं राखणारे गायकी आले. पंचायतीच्या ओट्यावर जागा उरली नाही, माणसं रस्त्यापर्यंत बसली. ठेकेदाराचा ठराव पडला. तलाव सोसायटीकडे राहिला. ती पट्टी मात्र आपांनी आम्हाला कधीच परत बसवू दिली नाही. लग्नपत्रिकेसाठी लावायच्या, आमचं पत्रक आलं की काढायच्या.

आपा गेल्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या अंगणात आम्ही शोकसभा घेतली. तानाबाई बाजारातून थेट आली होती, टोपली गुडघ्याशी ठेवून पुढेच बसलेली. बोलायला भाऊ उभे राहिले. स्त्रियांच्या श्रमाच्या इतिहासापासून त्यांनी सुरुवात केली. आवाज जड होता, खोटा नव्हता. दोन-तीन वाक्यं झाली असतील, तानाबाईचा हात टोपलीच्या काठावर गेला.

भाऊंनी पाहिलं आणि वाक्याच्या मध्येच थांबले. समोर हातपंपावर कुणीतरी गुंड भरत होतं, तेवढा एक आवाज. मग ते म्हणाले, "आपांनी आमचं तोंड आवरलं, म्हणून तलाव राहिला." आणि खाली बसले.

तानाबाईने टोपलीवरचा हात काढला आणि पदर डोळ्यांना लावला.