जीपमधला म्हसोबा

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरजवळच्या एका छोट्या नगरपालिकेत तात्पुरता कारकून होतो. कागलकडे कारखाने येतात, मग आपल्याकडे का नाही, या विचाराने मुख्याधिकारी साहेब पेटले होते. गावाबाहेरच्या माळाचं माहितीपत्रक त्यांनी मला करायला सांगितलं. कारखाना आला की माझी कायमची ऑर्डर निघणार होती. मी खुर्चीतून न उठता लिहिलं, ‘जागा पूर्ण मोकळी. कसलाही अडथळा नाही.’ तो माळ तोवर मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिला होता, तोही डुलक्या घेत.

पत्रक वाचून जयसिंगपूरचे एक फौंड्रीवाले जागा बघायला येतो म्हणाले. त्या सकाळी हद्दीवर चुन्याची फक्की मारायला मी नगरपालिकेची जीप घेऊन गेलो, तर बाभळीखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. पत्रकाखाली सही माझी होती. ड्रायव्हर लांब विडी ओढत बसलेला बघून मी हात जोडले, ‘दोनच तास, देवा,’ म्हटलं आणि म्हसोबाला पोत्यात गुंडाळून मागच्या सीटखाली सरकवलं. भोपळ्याएवढाच दगड, पण मी त्याला नव्हे, त्याने मला उचललंय असं वाटत होतं.

कचेरीत परतून त्याला कुठे लपवावं हे सुचायच्या आत दुसरीच पंचाईत. पाहुण्यांची गाडी माळाच्या वाटेवर चालणार नव्हती, म्हणून साहेबांनी त्यांना याच जीपमध्ये पुढे बसवलं. मागे साहेब आणि मी. साहेबांनी ऐसपैस बसून दोन्ही बूट पोत्यावर टेकवले. मी चपला काढून पाय वर घेतले आणि डोळे मिटले.

पाहुण्यांनी वळून पाहिलं. “काय वो, पायाला काय झालंय?”

“मुंग्या आल्यात.”

“दोन्ही पायांस्नी?”

जागा त्यांना पसंत पडली. ते गेल्यावर मी जीप परत माळावर नेऊन म्हसोबाला बाभळीखाली बसवलं. शेंदराचे थर इतके की पुढची बाजू कुठली, मागची कुठली, कळेना. अंदाजाने ठेवला आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी, तिथे शेरडं चारणारी एक म्हातारी कचेरीच्या पायरीवर सांगत बसली होती. “देवानं पाठ फिरिवलीया. कुणीतरी हात लावलाय. त्येचा हात झडतोय बगा.”

तेव्हापासून माझा उजवा हात दुखायला लागला. आठ दिवस मी मस्टरवर सही करताना आधी पाचही बोटं मोजत होतो. रस्त्यात कुणी नुसती हाक मारली तरी वाटायचं, कळलं यांना.

आठवड्याने पाहुणे जागा नक्की करायला आले. म्हातारी बाभळीखालीच होती.

“पावणं, जागा घ्यायची तर घ्या. पर देव तुमच्याकडं पाठ करून बसलाय, सांगून ठेवते.”

पाहुण्यांचा चेहरा उतरला. “मग नगो, साहेब. देव नगो म्हणतोय तितं मी भट्टी पेटवत न्हाय.” ते वळून जीपकडे चालायला लागले.

साहेब माझ्याकडे बघत होते. गप्प राहिलो तर कारखाना जाणार, बोललो तर मी. शेवटी माझा आवाज मलाच ऐकू आला. “देवानं न्हाय, मी फिरवला. चुकून. त्या दिवशी तो जीपमध्ये होता, मागच्या सीटखाली.”

साहेबांनी सावकाश आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तिथेच काढले.

“म्हंजे त्या दिवशी,” पाहुणे थांबून म्हणाले, “देव माझ्यासंगं जागा बघाय आलता?”

“व्हय.”

“आन् तू पाय वर घेऊन बसलावतास.” ते परत आले. “मावशी, तोंड कुटल्या अंगाला असतंय दावा. ही बाभळ आन् देव सोडून शेड घालू.”

म्हातारीने देव फिरवायला मलाच लावला, दोन्ही हातांनी. हात झडले नाहीत, पण घाम इतका फुटला होता की शेंदूर मनगटापर्यंत ओघळला.

ते हात पुसायच्या आत साहेबांनी मला पत्रक नव्याने लिहायला बसवलं. ‘पूर्वेच्या हद्दीवर बाभळ. तिच्याखाली म्हसोबा, तोंड उगवतीला.’ ऑर्डर निघाली, पण दोन वर्षांनी. त्या दिवशी नारळ घेऊन गेलो आणि लांबूनच फोडून आलो. जवळ जायला अजून भीती वाटते.