शिळं पाणी

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. लहानपणापासून ऐकत आलेय आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर नाकारण्यात काही अर्थ नाही.

आईला मी सोलापूरहून सिडनीला आणलं ते तीन महिन्यांच्या व्हिसावर, पण मनातून मला तिला कायमचं ठेवून घ्यायचं होतं. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. ती त्र्याहत्तर वर्षांची, घरात एकटी, आणि मी एकुलती एक मुलगी, इकडे सिडनीच्या गिरावीन उपनगरात, तिने फोन उचलला नाही की नको नको ते मनात आणत बसणारी. पेरेंट व्हिसाचा फॉर्म मी भरून ठेवला होता. फक्त तिची सही हवी होती. ती आल्यापासून मी विचारत होते आणि ती काहीतरी दुसरंच बोलायची. शेवटी एकदा म्हणाली, "तुम्ही ते समुद्रावर नेणार आहात ना, तिथे सांगते. निवांत." म्हणून मग फॉर्मही तिच्या सुती साड्यांच्या खाली बॅगेत गेला.

जानेवारीचा, म्हणजे इकडच्या उन्हाळ्याचा महिना होता. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून आई, मी आणि नुकतीच युनिव्हर्सिटीत लागलेली माझी लेक, अशा तिघीच निघालो. वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानात थांबून पोहे, तूरडाळ, शेंगदाणे घेतले. कुकर आईने घरूनच घेतला होता. मी म्हटलं, अगं, तिथे सगळी भांडी असतात. ती म्हणाली, "असतील की. कुकर असतो का?" पाच तास ड्राइव्ह करून दक्षिणेच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा आमच्या डोक्यांवर माश्या घोंगावत होत्या आणि समोर, वाळूच्या उंचवट्यापलीकडे, समुद्र होता.

कॉटेज लाकडी, दोन खोल्यांचं, वर पत्र्याचं छप्पर. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून मागच्या टाकीत जायचं. टाकीशेजारी एक वाळायला आलेलं लिंबाचं झाड. दुसरं घर एकच, गायरानापलीकडे, मालकीणबाईंचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पाहुण्यांसाठी एक फाइल ठेवली होती. पहिलं पान नियमांचं दिसलं, ते मी उलटलं. दुसऱ्या पानावर मथळा होता: इथे करण्यासारख्या गोष्टी. मला याद्या आवडतात. मी पेन घेऊन बसले.

ओहोटीला खडकांतल्या डबक्यांमध्ये खेकडे आणि समुद्रफुलं बघा. टेकडीवरून लाइटहाउसपर्यंत चालत जा. जेटीवर गळ टाकून बसा. कपाटात हजार तुकड्यांचं जिगसॉ आहे. अशा दहा-बारा गोष्टी होत्या. आठवड्यात सगळं बसवायचं म्हणजे सकाळी एक, दुपारी एक. आईला मी सगळीकडे नेलं. डबक्यांपाशी ती साडी वर खोचून उभी राहिली आणि लेकीला म्हणाली, "हात नको लावू, त्यांचं घर आहे ते." जेटीवर लेकीने गळ टाकला तेव्हा जन्मभराची शाकाहारी आई पाठ फिरवून बसली आणि मासा लागू नये म्हणून जप करत राहिली. मासा लागला नाही. लेक म्हणाली, "आजी, दॅट्स चीटिंग." आजी हसली. मी यादीवर खूण केली.

खरं सांगायचं तर मला घाई झाली होती. सगळं झालं की ती निवांत होईल आणि सांगेल, असं मी धरून चालले होते.

आईचं मात्र स्वतःचं एक काम चालू होतं आणि माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सोलापुरात आमच्याकडे चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येतो. नळाच्या दिवशी आई पहाटे उठते. आधी उरलेलं शिळं पाणी झाडांना घालायचं, मग भांडी घासून हंडे, कळश्या, पिंप, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरायची. चाळीस वर्षं तिने हे केलं. आता इथे रोजच नळ येतो म्हटल्यावर तिने तिचा हिशेब केला: रोज नळ, म्हणजे रोज शिळं ओतायचं आणि रोज ताजं भरायचं. आम्ही झोपलेल्या असताना ती उठायची. कॉटेजमधल्या बाथटबला ती हौद म्हणायची. तो हौद ती काठोकाठ भरायची, शिवाय चार पातेली, दोन बादल्या, चहाची किटली. दुसऱ्या दिवशी ते सगळं बादलीबादलीने नेऊन लिंबाला घालायचं आणि पुन्हा भरायचं. गिरावीनच्या घरीही ती दोन बादल्या भरून ठेवायची. मी चिडायचे, पण तिथे त्याने काही बिघडत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी लेक आणि मी समुद्रात डुंबून आलो, अंगभर मीठ आणि वाळू. मी शॉवर सुरू केला. तो खोकला, थोडं गढूळ पाणी आलं आणि बंद पडला. बाहेर जाऊन टाकीवर थाप मारली तर ती पोकळ वाजली. मग लिंबाखालचा चिखल दिसला. मग बादली दिसली. मग सगळं कळलं. आम्ही समुद्रावर असताना तिने हौदातलं, पातेल्यांतलं शिळं सगळं लिंबाला ओतलं होतं आणि नवीन अजून भरायचं होतं.

मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण न लिहून काय करू. मी म्हटलं, "हे सोलापूर नाहीये, आई. कुठेही गेलं तरी तुझं तेच. हंडे न् कळश्या. माझ्या घरात पण तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही म्हणतात ना, ते काही खोटं नाही."

म्हण होती. घरात शंभर वेळा, कुणालाही, हसत म्हटली जाणारी. पण मी हसत म्हटली नव्हती. आई ओल्या पदराने हात पुसत उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ओरडायलीस कशाला? मला काय माहीत, टाकीचं आहे म्हणून. नळ होता, मी भरलं."

लेक फाइल घेऊन आली आणि पहिलं पान माझ्यापुढे धरलं. लाल अक्षरांत लिहिलं होतं की हे घर फक्त पावसाच्या पाण्यावर चालतं, बरेच दिवस पाऊस नाही, टाकीत पाणी थोडं आहे, कृपया जपून वापरा आणि बाथटब भरू नका. "शी डिडन्ट नो, मम," लेक म्हणाली. "यू डिडन्ट रीड इट." आणि ती दार आपटून बाहेर गेली. राग तिच्याही नाकावरच आहे.

मी मालकीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पाण्याचा टँकर परवा येईल, तोवर मी थोडं पाणी आणून देते. फोन ठेवून मागे बघते तर आई नाही. चप्पल नाही. दोन्ही बादल्या नाहीत.

ती समुद्रावर होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून बादल्या भरत होती. मी धावत गेले तेव्हा ती वाळूच्या उंचवट्याशी पोहोचली होती, दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या, दर पाच पावलांवर थांबत. मी हात पुढे केला. "संडासाला खारं पाणी चालतं की," ती म्हणाली. "गोडं कशाला घालायचं?" एक बादली मला दिली, एक स्वतः धरली. आम्ही दोघी वर आलो. मला तेव्हा रडू आलं होतं, पण ते तिला दिसू नये म्हणून मी मागे राहिले.

मालकीणबाई युट, म्हणजे पिकअप गाडी, घेऊन आल्या, मागे पाण्याचे दोन मोठे कॅन. ऐंशीच्या घरातल्या असतील. मी माफी मागायला लागले तर "नो वरीज" म्हणाल्या, टाकीकडे बघितलं, लिंबाखालच्या ओल्या मातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "निदान कुणीतरी खूश आहे." आईला शब्द कळले नाहीत पण रोख कळला. ती पहिल्यांदाच जराशी हसली.

पुढचे दोन दिवस ते कॅन आईच्या ताब्यात होते. मी यादी बाजूला ठेवली. सकाळी तिघींना मिळून एक तपेलं पाणी तोंड धुवायला. अंघोळीला प्रत्येकी दोन तांबे, तेही परातीत उभं राहून, म्हणजे खाली साचलेलं पाणी लादी पुसायला. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत. भांडी आधी वाळूने घासायची, मग समुद्राच्या पाण्याने, शेवटी फक्त एक हात गोड्या पाण्याचा. लेक तिच्या मागे मागे फिरत होती, "आजी, नेक्स्ट काय?" असं विचारत. आई तिला मराठीत हुकूम सोडत होती आणि ती ते पाळत होती. तीन महिन्यांत मी आईला एवढी ताठ चालताना बघितलं नव्हतं. टँकर आला तेव्हाही एका कॅनमध्ये चार बोटं पाणी शिल्लक होतं. आईने ते लिंबाला घातलं.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी समोरच्या बाकावर बसलो. मी सॉरी म्हणाले. इंग्रजीत, कारण मराठीत माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. मी काही विचारायच्या आधी तीच बोलली.

"मी नाही येणार गं राहायला. रागावून नाही म्हणत. तुझा राग मला काय नवीन आहे? तुझ्या बाबांचाच आहे तो."

"मग?"

"तुझ्याकडे सगळं आहे. बटण दाबलं की कपडे धुतात, भांडी धुतात. मी सकाळी उठते आणि तुम्ही उठायची वाट बघत बसते. पाणी भरायचं, एवढं एकच काम मला सापडलं होतं, ते पण चुकीचं निघालं. तिकडे नळाच्या दिवशी मी उठले नाही तर घर अडतं. शेजारची दवाखान्यात होती तेव्हा तिचंही पाणी मीच भरलं. इथे माझ्यावाचून कुणाचं अडतं?"

माझं अडतं. एवढे दोनच शब्द होते. ते तोंडाशी आले होते, आणि मी म्हटलं, "फॉर्म ठेवते मी, तू विचार कर." तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी कॉटेज सोडताना तिने सगळी भांडी पालथी घालून ठेवली.

ती सोलापूरला परतली. माझ्या ओरडण्यामुळे गेली का? ती नाही म्हणाली होती. मला आजही ते पूर्ण पटत नाही. फोनवर मी रोज विचारायचे, "नळ आला का?" आणि नळाच्या दिवशी ती सांगायची, आज आला, एक तास होता, दाब कमी होता, सगळं भरलं. दुसरं काही बोलायचं सुचलं नाही तरी हे असायचं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं नाही म्हणून त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने उघडलं. आई झोपेतच गेली होती. आदल्या दिवशी नळ आला होता.

मला पोहोचायला दोन दिवस लागले. चुलतभावाने पुढचं सगळं उरकलं होतं. घर झाडून पुसून ठेवलेलं, अंथरूण काढून टाकलेलं. स्वयंपाकघरात मात्र ओळीने हंडे, कळश्या, पिंप, पातेली, सगळं काठोकाठ भरलेलं होतं, वर ताटल्या झाकलेल्या. आमच्याकडे माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात. काकू दारात उभ्या होत्या. "तेवढं ओतलं नाही गं मी," त्या म्हणाल्या. "हात होईना. तिनं भरलेलं. म्हटलं, लेक येऊन ओतेल."

मी बादलीबादलीने मागच्या अंगणात नेलं. जास्वंदीला घातलं, कढीलिंबाला घातलं, तुळशीला घातलं. माती भिजून वाहायला लागली तरी पाणी संपेना. एकट्या बाईने स्वतःपुरतं एवढं भरलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, हे मीच तिला म्हटलं होतं, आणि आता तिचं पाणी माझ्याच हाताने ओतत होते.

शेवटची कळशी उरली. काकू आत चहा टाकायला गेल्या होत्या. मी त्यात तांब्या बुडवला आणि उभ्याउभ्या पूर्ण प्यायले. तीन दिवसांचं पाणी, तांब्याचा वास येत होता. मग म्हटलं, "माझं अडतं गं, आई." मोठ्याने म्हटलं, कुणी नव्हतंच ऐकायला.

काकूंनी आतून विचारलं, "सगळं ओतलंस ना?"

मी हो म्हणाले आणि कळशी पालथी घातली.