तिच्याकडे दार तरी होतं

नाटक कसं वाचायचं हेच मला ठाऊक नव्हतं. बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर पुस्तक हातात धरायचं नाही म्हणून बजावलं, आणि जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईंना वाचल्याशिवाय दुपार जाईना. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्याकडे स्वयंपाकपाणी करते, त्यांच्याच घरात राहते. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही पुरी नाही, दिवाळीपर्यंतच. ओळीखाली बोट धरून वाचते. नाटकात माणसाचं नाव, मग दोन टिंबं, मग त्याचं बोलणं असतं. मी सगळंच वाचायची. कंसात ‘रडते’ असं असलं तर तेही मोठ्यानं.

"अगं, ते म्हणायचं नसतं. करायचं असतं," बाई म्हणाल्या.

"मग रडू का मी?"

"नको, नको. आमटी उतू जाईल. वाच पुढे."

नाटक परदेशातलं, जुनं, मराठीत आणलेलं. तालुक्याच्या वाचनालयाचं पुस्तक, पानं पिवळी पडलेली. खाऊनपिऊन सुखी घरातली बाई. नवरा तिला लाडानं बोलतो, पाखराशी बोलावं तसं. त्याचाच जीव वाचवायला तिनं चोरून कर्ज काढलेलं असतं, ते उघडं पडायची वेळ येते तेव्हा त्याला आधी स्वतःच्या अब्रूची पडते. मग संकट टळतं आणि हा पठ्ठ्या म्हणतो, जा, तुला माफ केलं. तिथं मी थांबले. "ह्यानं हिला माफ केलं?" बाई नुसत्या हसल्या. शेवटी ती बाई सगळं बोलून मोकळी होते, नवरा, घर, तीन लेकरं सोडून निघते. तिनं ओढून घेतलेल्या दाराचा आवाज येतो. संपलं.

मी पान उलटलं. मागं वाचनालयाचा शिक्का, बाकी कोरं.

"पुढचं कुणी फाडलं, बाई?"

"कुणी नाही. एवढंच आहे. सगळ्या जगात गाजलेला शेवट आहे हा."

शेवटच्या पानाच्या कडेला वाचणाऱ्यांनी आपापलं लिहून ठेवलं होतं. निळ्या पेनानं कुणीतरी: ‘ही आई नव्हे.’ त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘शाब्बास!’ आणि आणखी खाली, बारीक: ‘परत येईल बघा.’

मला राग आला. तिघांचाही आला, आणि नाटक लिहिणाऱ्याचा तर फारच. बाईंशी वाद घालायची माझी लायकी नाही. म्हणजे त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत, मीच म्हणते. ज्यांच्या पिठाची भाकरी खाते, ज्यांनी माझ्या पोरीला हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं, त्यांच्यासमोर मी आवाज चढवत नाही. पण त्या दुपारी चढला.

"दार ओढून घेतलं, पडदा पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन ती? ती कुठं गेली? जेवली काय? अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडलेल्या बाईला पहिला प्रश्न कोण विचारतं माहितीय का? ‘एकटीच हाय का?’ हे विचारतं. ते न्हाई लिहिलं ह्यांनी."

"अगं, ती मोकळी झाली, एवढं दाखवायचं होतं."

"दार ओढल्यानं कुणी मोकळं होत न्हाई, बाई. आन तिच्याकडं ओढायला दार तरी होतं!"

बाईंना माहीत होतं मी काय म्हणते ते.

मी खर्ड्याकडची. जामखेड, मग नगर, मग घोडेगाव, तिथून जीप, असं माझं गाव इथून लांब. आमच्याकडं पावसाचा भरवसा नाही, म्हणून दसरा झाला की गाव ऊस तोडायला निघतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कागदावरही तसंच, मुकादमाच्या तोंडीही तसंच. ‘तुमचे किती कोयते?’ म्हणजे किती जोडपी. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला कुणी घेत नाही. माझ्या आईबापाचा एक कोयता होता, आणि धाकट्या भावाला सांभाळायला मी लागत होते, म्हणून सातवीच्या दिवाळीत माझं दप्तर खुंटीला लागलं. सोळाव्या वर्षी मी दुसऱ्या कोयत्याची अर्धी झाले.

तीन वर्षांपूर्वी आमची टोळी ह्याच भागातल्या एका कारखान्याला होती. पाचट आणि बांबूची कोप, दाराच्या जागी पोतं. पोरगी सहा वर्षांची. नवरा म्हणाला, हिला आता शाळा नको, कोपीवर बसून शेजारणीचं तान्हं सांभाळंल. त्यानं ते रागानं म्हटलं नाही. माझ्या बापानंही रागानं म्हटलं नव्हतं. सकाळी सगळी फडात गेली, मी डोकं दुखतंय म्हणून मागं राहिले, पोरीचा हात धरला आणि निघाले. पोत्याला आवाज नसतो.

चालत चालत शिंगणापुरात आलो. इथं देव राखतो म्हणून घरांना दारं नसतात हे लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या दिवशी डोकंच चालत नव्हतं. एक मोठं घर दिसलं, चौकट नुसती, पडदा बाजूला सारलेला, आत पाण्याचा माठ. मला वाटलं भक्तांची धर्मशाळा. पोरीला पाणी पाजलं, सतरंजीवर निजवलं, मीही भिंतीला टेकले. आतून बाई आल्या.

"कोण गं तू?"

"धर्मशाळेत नाव कुठं लिहून घेतात?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. "जेवण झाल्यावर लिहून घेऊ," म्हणाल्या. अजून लिहून घेतलेलं नाही.

म्हणून म्हणते, त्या नाटकातल्या बाईचा रस्ता मला ठाऊक आहे. कुठल्या तरी माठाशी ती थांबलीच असेल. ते लिहायला काय झालं होतं?

बाईंशी वाद झाला आणि चौथ्या दिवशी, घटस्थापनेच्या आधी, तीन वर्षांनी कुठून तरी पत्ता काढून माझा नवरा आला. सोबत थोरला दीर. मी भाकरी थापत होते. पडदा सरकला आणि दोघं आतच. दार असतं तर कडी तरी वाजली असती.

पाणी दिलं, चहा ठेवला. चहाची अर्धी पूड ओट्यावर सांडली. बाई खाटेवर काळा चष्मा लावून बसलेल्या.

"दसऱ्याला टोळी निघती," नवरा म्हणाला. "मुकादम अर्धा कोयता घेत न्हाई. चल."

"आन पोरगी?"

"येईल की. मोठी झालीय आता."

दीर घरभर नजर फिरवत हसला. "गाव बी काय निवडलंय! घराला दारच न्हाई, मग बाई घरात ठरंल कशाला?"

"दार न्हाई म्हणूनच तर तुमी चहापातुर आलात, भावजी."

त्यानं कप खाली ठेवला. नवरा बाईंकडे वळला. "बाई, तुमीच समजावा हिला."

मला वाटलं आता बाई बोलतील. चार शब्द शिकलेल्या माणसाचे, ते ऐकतील. बाई म्हणाल्या, "मला काय विचारता? ती समोर उभी आहे की."

तेव्हा कळलं, मला कुणाच्याच मागं उभं राहता येणार नाही. आडवं लावायला फळी होती, पण ती कुत्र्यांसाठी. माझ्याजवळ नुसतं तोंड होतं.

"मी येत न्हाई," मी म्हणाले. "आन पोरगी बी येत न्हाई."

"लोक काय म्हनतील?" नवरा म्हणाला.

"लोकांना म्हनू द्या. ऊस काय लोक तोडनार हायेत? मुकादमाला जोडी पायजे तर त्यालाच घ्या जोडीला. मी आता अर्धी न्हाई कुणाची."

"लई शिकलीस तू."

"सातवी. ती बी अर्धीच. पोरगी शिकंल."

वाईट माणूस नाही माझा नवरा, हे मी त्याच्यासमोर म्हणाले नाही, इथं म्हणते. मग त्यानं चहा संपवला, कप नळाखाली विसळून पालथा घातला आणि पडदा सारून गेला. दीर मागोमाग. पडदा पुन्हा जागेवर आला, हलत राहिला. मी चौकटीशी खालीच बसले. वाऱ्यानं पडदा हलला तरी दचकत होते. अजूनही दचकते. परत येतील, चार माणसं घेऊन येतील, हे मला माहीत आहे. पुन्हा तेच म्हणीन, एवढंही माहीत आहे.

पोरगी शाळेतून आली. तिनं पालथा कप पाहिला.

"कोण आलतं?"

"तुझे बाबा."

"मला न्यायला?"

"व्हय. मी न्हाई म्हनले."

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्या गणिताची चाचणी आहे."

"मग बस अभ्यासाला. आन पेन्सिल दे जरा."

मी कपाटातून ते पुस्तक काढलं. शेवटचं पान उघडलं तशी पोरगी ओरडली, "आई! वाचनालयाच्या पुस्तकावर लिहीत नाहीत. आमच्या बाई रागावतात."

खाटेवरून बाई म्हणाल्या, "आमच्यात नाही रागवत. अक्षर नीट काढ म्हणावं."

मी त्या तीन शेऱ्यांच्या खाली, बोट धरून, सावकाश लिहिलं: ‘ती कुठं राहिली, काय कामाला लागली, ते लिहायला पाहिजे होतं. परत गेली नाही.’