सूट वाळत घालायची दोरी

चादर वाळत घालताना लेकीचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाही, हे आईनं परवा पाहिलं आणि तेव्हापासून तिचं कशातच लक्ष लागेना. लेकीनं उजव्या हातानं एक टोक दोरीवर टाकलं आणि चिमटे आईच्या हातात देत म्हणाली, "दुसरं तूच घाल गं. कंटाळा आलाय."

चौतिसाव्या वर्षी एका चादरीचा कंटाळा! दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. पण ही पोर कंटाळणाऱ्यातली नव्हेच. लहानपणी तलावातून तिला अक्षरशः ओढून काढावं लागे, म्हणून बाबांनी नाव ठेवलं पाणकोंबडी. ते जे चिकटलं ते चिकटलंच. शिकली यंत्रांचं, आणि नोकरी धरली बंदरात, पाण्याखाली जहाजांचे तळ खरवडायची. काम घाणेरडं, पण पगार महिन्याच्या महिन्याला. सात वर्षं केली. मग बुडालेली जहाजं शोधणाऱ्या एका बोटीवर गेली.

बाबा शेजाऱ्यांना ऐटीत "खजिना शोधते" म्हणून सांगायचे, तेव्हा ती वैतागायची. "बाबा, खजिना खजिना काय लावलंय? वाळू उपसते मी. पाण्याखालची बिगारी समजा."

आणि होतंही तसंच. पहिलं वर्षभर बोट मागे समुद्राचा तळ तपासणारं यंत्र बांधून शेत नांगरल्यासारखी समुद्रात उभी-आडवी फिरत राहिली. दुसऱ्या वर्षी मोठ्या आशेनं उतरले तिथे निघाला कुणीतरी टाकून दिलेला लोखंडी पाइप. तिसऱ्या वर्षी खरं जहाज लागलं. तेव्हापासून वर आलंय काय, तर जहाजाचा एक नांगर, चुलीच्या विटा, पोतंभर तांब्याचे खिळे आणि तोंड शाबूत असलेल्या तीन बरण्या. तेही सगळं सरकारी गोदामात, कारण माल कुणाचा हा खटला अजून चालूच आहे. पगार नाही, निकाल लागला तर वाटा. डिझेलपायी बोटीच्या मालकानं राहतं घर विकलं आणि आता तो बोटीवरच झोपतो. हातभर अंतरावरचं दिसत नाही अशा गढूळ पाण्यात लेक रोज दोनदा उतरते. वारा सुटला की आठ-आठ दिवस नुसती बसून.

त्या बोटीवर एक रीत आहे. वर आल्यावर प्रत्येकानं आपला भिजलेला सूट स्वतः उंच दोरीवर टाकायचा. दोरी मुद्दाम उंच बांधलेली. उतरणाऱ्यांवर देखरेख ठेवणारे मास्तर समोर उभे राहून बघतात. खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातला वायू अंगात मुरतो, आणि वर येताना पुरेसं थांबलं नाही तर त्याचे बुडबुडे सांध्यात अडकतात. ज्याचा हात वर जात नाही त्याला मास्तर काही न विचारता दाबाच्या टाकीत घालतात, बुडबुडे विरघळावेत म्हणून. हे लेकीनंच एकदा हसत हसत सांगितलं होतं.

म्हणून आईनं चादर सोडली आणि सरळ विचारलं, "सूट दोरीवर कोण टाकतं तुझा?"

लेकीनं चादरीचं टोक सारखं केलं. मग म्हणाली, "माझ्याबरोबर खाली उतरतो तो जोडीदार. मास्तरांची पाठ वळली की."

"किती दिवस?"

"झाले असतील दहा-बारा. आई, आधी ऐकून घे. मी टाकीत गेले की या वर्षी मला पाणी बंद. एकट्याला खाली सोडत नाहीत, म्हणजे त्याचंही बंद. उरली एक जोडी, ती कुठे कुठे पुरणार? परवाना नऊ दिवसांत संपतोय आणि आत्ता कुठे जहाजातल्या मालाच्या खोलीचं दार हाताला लागलंय. पाच वर्षं घातलीत मी!"

"आणि हात?"

"हात कुठे पळून जातोय? नऊ दिवसांनी दाखवते."

"पुढचा बुडबुडा पाठीच्या कण्यात अडकला तर?"

"अच्छा! माझं डायव्हिंगचं पुस्तक वाचलंस वाटतं."

"वाचलं. त्या ओळीखाली लाल रेघ तूच मारलीयस."

लेक हसली नाही. "मास्तरांना बोललीस ना आई, तर यापुढे घरी एक अक्षर सांगणार नाही मी."

आज सकाळी ती बंदरावर गेली. डिझेल भरायला दोन दिवस थांबलेली बोट चार वाजता सुटणार, आणि तासाभरात फोन लागेनासा होणार. आईनं अकराला लेकीला फोन केला. "आई, डोकं खाऊ नकोस," म्हणून तिनं ठेवला. मग जोडीदाराला केला. पोरगा भला, पण तोही म्हणाला, "काकू, मी आहे ना!" तो आहे, हीच तर पंचाईत होती.

जेवताना बाबांनी सगळं ऐकलं. घास तसाच हातात. "तिच्या पोटावर पाय देतेस तू. पाच वर्षांची मेहनत आहे."

"मला माहीत नाही का?"

"ती बोलायची नाही तुझ्याशी. तुझ्यावरच गेलीय."

"नाही बोलली तर नाही. पण धडधाकट राहून अबोला धरू दे."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. "मग मास्तरांना नुसतं सांग, एकदा सगळ्यांचीच तपासणी करा. तुझं नाव कशाला यायला हवं?"

आईला क्षणभर ते पटलं. मग वाटलं, उद्या लेकीला त्या टाकीत तासन् तास पडून राहावं लागेल, तेव्हा ती चुगली कुणी केली याचाच विचार करत बसेल आणि संशय घेईल त्या जोडीदाराचा. पाण्याखाली तिच्या शेजारी तोच असतो. ते नातं आपल्यापायी का नासावं? रागवायचंच असेल तर आईवर रागवावं. आईला ते पेलतं.

घरच्यांसाठी म्हणून बोटीवरचे नंबर लिहून दिलेला कागद तिनं कपाटातून काढला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आधी आपण कोण ते सांगायचं, मग खांद्याचं, आणि शेवटी, हे मी सांगितलं असंच तिला सांगा, एवढं ठरवून तिनं मास्तरांचा नंबर लावायला घेतला.