मंदाबाईंनी घाट चढवला

शिरपूरला आमच्या शेजारी मंदाबाई राहत. बालवाडीत शिकवायच्या. नवरा गुलाबभाऊ एसटीत ड्रायव्हर, सेंधव्याच्या गाडीवर बरीच वर्षं. नव्वदच्या सुमारास मंदाबाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं. मांगीलालशेठची जुनी जीप, त्यांच्या कापसाच्या जिनिंग मिलचं रिकामं आवार आणि ओरडायला गुलाबभाऊ. शिकाऊ लायसन हातात आलं आणि त्याच आठवड्यात गुलाबभाऊ जिन्यावरून पडले. डावा हात प्लास्टरमध्ये.

त्यात एसटीचा संप. आणि त्यांच्या मुलीची, माझी विद्यार्थिनी असलेल्या छायाची, सेंधव्याला नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखत. गेलं नाही तर जागा दुसरीला.

"पुढच्या वर्षी बघू," गुलाबभाऊ म्हणाले.

"पुढच्या वर्षी तुम्ही तिच्यासाठी स्थळं बघाल," मंदाबाई म्हणाल्या आणि शेठकडून किल्ली घेऊन आल्या. शेजारी पक्कं लायसन असलेला बसला की शिकाऊ माणसाला गाडी चालवता येते, एवढा नियम त्यांना पुरे होता.

पळासनेरच्या पुढे, मध्य प्रदेशच्या नाक्यावर, ऐन चढावर शिपायानं जीप थांबवली. लाल एल बघून लायसन मागून घेतलं.

"उस्ताद किधर है?"

"ये क्या, बाजू में," मंदाबाई म्हणाल्या.

"इनका तो हाथ टूटा है!"

"बायां टूटा है. हँडब्रेक दाहिने हाथ को है."

शिपाई हसला नाही. पुढे बिजासनचा घाट. तिथं ट्रकमागे चढावर थांबावं लागणारच. गाडी मागे घसरली तर? त्यानं मागच्या चाकामागे वीतभर अंतरावर दगड ठेवला. चाक दगडाला टेकलं, तर इथूनच शिरपूरला परत.

गुलाबभाऊंचा हात हँडब्रेककडे गेला.

"हात मांडीवर ठेवा," मंदाबाई म्हणाल्या.

पहिल्या खेपेला इंजिन बंद पडलं. बाजूच्या ट्रकवरचा क्लीनर ओरडला, "ताई, चूल पेटत नाही वाटतं!" मंदाबाईंनी ब्रेक घट्ट दाबून ठेवला होता, चाक जागचं हललं नव्हतं. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. क्लच इतका हळू सोडला की जीपचं नाक आधी वर उचललं गेलं, मग गाडी पुढे निघाली. आणि निघाली ती थांबेचना. नाका मागे पडला.

"आई, लायसन त्याच्याकडंच राहिलं!" छाया किंचाळली.

पुन्हा चढावरच थांबावं लागलं. छाया पळत जाऊन लायसन घेऊन आली. "शिपाई म्हणाला, जाओ," तिनं सांगितलं. या वेळी ना दगड होता, ना कुणी बघत होतं. गुलाबभाऊ मात्र, तिथं ब्रेक असावा तसा, रिकाम्या फळीवर पाय दाबून बसले होते. मंदाबाईंनी गाडी उचलली आणि घाट चढवला.

सेंधव्याला छाया वेळेत मुलाखतीला आत गेली. समोरच्या टपरीवर गुलाबभाऊंची जुनी ओळख. रस्त्यावरच्या रिवाजाप्रमाणे चहावाल्यानं पहिला ग्लास त्यांच्यापुढे धरला. गुलाबभाऊंनी तो घेतला नाही.

"तिले दे," ते म्हणाले. "आज डायवर ती शे."