रिकामी दोरी

धनुष्याच्या दोरीला लावायच्या मेणाचा वास आला की मला आखातातल्या गुदैबियातली ती खोली आठवते. नव्वदचं दशक होतं. आमच्या वर्कशॉपचा पाकिस्तानी फोरमन कायमचा मायदेशी निघाला होता आणि त्याने आपलं शिकारीचं कंपाउंड धनुष्य विकायला काढलं होतं. गावी रानडुकरांच्या मागे जायचं म्हणून मला ते हवं होतं. पारख करायला मामूंना सोबत नेलं. मामू रत्नागिरीचे, कानाशी हलवून बघितल्याशिवाय नारळसुद्धा न घेणारे. एसीच्या घरघरीत त्यांनी दोन्ही टोकांची चाकं निरखली, धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि बाण न लावताच दोरी कानापर्यंत ओढली. “खाली मत छोड़ना!” फोरमन किंचाळला आणि मामूंचा हात धरून त्याने दोरी हळूहळू परत नेली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. बाण नसला की सगळा जोर धनुष्यातच उलटतो, पाती फुटतात, असं तो सांगत राहिला. “ट्राय करू देत नाय म्हंजे आत तडा हाय,” मामू माझ्या कानात पुटपुटले, “खलास, चल.” मलाही तो घाम खटकला होता, पण मन त्या चाकांत अडकलं होतं, म्हणून मी ते घेतलंच. पुढे मामू कधीही घरी आले की चहाच्या आधी तडा शोधायचे. परवा मुलाने ते भिंतीवरून काढून रिकामीच दोरी ताणली. मी किंचाळलो, त्याचा हात धरला. “व्हाय, अब्बा? व्हॉट्स राँग विथ इट?” त्याने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच त्याचं नख पात्यावरून फिरायला लागलं होतं.